डावं-उजवं

मरोळच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला फ्लास्क तीस अंशांवर हलतोय.
आत ताडीतलं यीस्ट.
एल्विरा कोरियाने गोराईहून आणलं होतं ते,
पाण्याच्या बाटलीत, झाकण सैल ठेवून.
तरी जेट्टीवर फसफसलंच,
कुणाच्या तरी साडीवर उडालं म्हणे.

आम्ही त्याला कीटोन भरवतो.
थेंब-थेंब. एकदम ओतला तर मरतं.

कीटोन मधोमध सपाट, कॅरमच्या सोंगटीसारखा,
वरून मारा, खालून मारा, त्याला सारखंच.
गेल्या महिन्यात बोरोहायड्राइडने करून पाहिलं:
वाटेल त्या बाजूने हायड्राइड आदळलं,
अर्धे रेणू उजवे झाले, अर्धे डावे.
आलेखावर दोन शिखरं,
उंचीत केसाचाही फरक नाही.
समदृष्टी म्हणतात ती हीच असावी.
सावे सर म्हणाले, "पन्नास टक्के माल गटारात."

विकराचं तसं नसतं.
त्याच्या पोटात जागा एकच, तीही वाकडी.
कीटोनला तिथे एकाच कुशीवर निजता येतं
आणि उघड्या अंगाकडून एनएडीएच येतो,
हायड्राइड देतो, अल्कोहोल सुटून जातं,
आणि हा गॅसवाल्यासारखा
रिकामा होऊन जिना उतरतो,
साखरेच्या गोदामाकडे, पुन्हा भरायला.
पुस्तकात ह्याला क्षपण म्हणतात.
शाळेत मला वाटायचं, क्षपण म्हणजे काहीतरी झिजत असणार.
इथे तर मिळतंय.

आई म्हणायची, माणसांत डावं-उजवं करू नये.
तीच आई जेवताना माझ्या डाव्या मनगटाला
बाबांचा रुमाल बांधायची, कन्नमवार नगरात,
निळ्या काठाचा.
प्रसाद उजव्याने. पाटीवरचा श्री उजव्याने.
भाषासुद्धा तिच्याच बाजूची:
कूस उजवते,
आणि नकोसं झालं की डावलतात.
मी शिकले. वाईट शिकले.
अजून वरण सांडतं.

चारला नमुना कॉलमवर चढवला.
नऊ मिनिटं काही नाही, सरळ रेघ.
साडेनऊला उजव्याची वेळ होती.
मी श्वास धरला होता का? आठवत नाही.
रेघ हललीसुद्धा नाही.
अकराव्या मिनिटाला
एकटंच एक शिखर
कागद फाडेल असं वर गेलं.
डावा.
नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी.

ऑर्डर डाव्याचीच होती.
आख्खी रात्र एका यीस्टने
उजव्याला डावललं होतं,
न रागावता, न कुणाला रुमाल बांधता.
हे चांगलं की वाईट, हे मला पगारात कुणी विचारत नाही.

नोंदवहीत वेळ लिहिली, सही केली,
आणि नेहमीसारखी
हाताची कड ओल्या शाईवरून गेली.
सर सकाळी विचारतील, हा डाग कसला.
फ्लास्क हलतोच आहे.
साखर घालायला हवी.