तडितसेनाला हळद

तडितसेन कसा उडायचा
ते अख्ख्या मिरजेत दोघांनाच ठाऊक होतं :
अब्बांना, आणि मला.

सांगली आकाशवाणीचे मोघेसाहेब
एका दुपारी आमच्या सतारवाल्यांच्या गल्लीत आले,
दारातल्या भुश्श्यात चपला काढून म्हणाले,
"दस्तगीरभाई, माणूस उडतानाचा आवाज पाहिजे.
पंखा लावून पाहिला, गिरणीसारखा येतो.
धोतर झटकून पाहिलं.
धोतरासारखाच येतो."

अब्बा हसले नाहीत.
गिऱ्हाइकाला सतारीचं माप विचारावं
तसं विचारलं, "किती उंचावरून?"

मग माळ्यावरचा एक भोपळा काढला,
अंगानं पातळ, तोंडाशी वाकडा.
सतारीला नापास, म्हणून तीन वर्षं त्यात लसूण राहत होता.
काठावरून ओला अंगठा फिरवला हळूच,
आणि दाराशी बांधलेल्या आमच्या बकरीनं
चघळणं थांबवून
कौलांच्या वर पाहिलं.

शनिवारी रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी
बागेवाडींच्या पानपट्टीपुढे गल्ली दाटीनं बसायची.
नाव कुणालाच धड घेता येत नसे : तडीसन, तडाखसेन.
गोदूच्या धाकट्याचा तर तो थडीसेन,
कृष्णेच्या थडीला राहतो म्हणून.
झगा कुणाला निळा दिसायचा,
कुणाला उरसातल्या चादरीसारखा हिरवा.
मला सगळं माहीत. तो लसणाचा भोपळा.
तरी आवाज आला की मीही वर बघायची,
बाकीच्यांच्या आधी.

बाराव्या भागाच्या आदल्या दिवशी भोपळा पडला.
खोटं कशाला बोलू, पडला नाही.
तो पोटाशी धरून
मी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उडी घेतली होती.

अब्बा ओरडले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.
मंगळवेढ्याचा एक जाड भोपळा सायकलला बांधून
ते सांगलीला गेले.
त्या रात्री तडितसेन उडाला खरा,
पण खालून, जड, एका अंगावर ओढत.
काळकूट सुटला. बातम्या लागल्या.
पानपट्टीपुढे कुणी उठेना.
शेवटी ईरगोंडा हमाल म्हणाला,
"लागलंय की ओ त्याला."

आठवडाभर पोस्टकार्डं आली.
तासगाव, विटा, कवठेमहांकाळ.
"तडितसेन यांस सा. न. वि. वि.
उजव्या खांद्यास मार आहे काय? मिठाच्या पाण्याने शेकावे."
"आमचे येथे हाड बसविणारे आहेत. एस.टी. स्टँडवर विचारणे."
आणि सांगलीच्या पेठेतून एक बिनतिकिटाचं पाकीट,
आत कागदाची पुडी :
"घरची हळद आहे. भेसळ नाही. लावा."

लेखकानं रात्र जागून जखम लिहिली, म्हणे,
कारण आता ती नाही म्हणायची सोय नव्हती.
पुडी मोघेसाहेबांनी अब्बांच्या हातावर ठेवली.
अब्बांनी लाख वितळवली,
त्यात ती हळद चिमटीचिमटीनं सोडली
आणि लसणाच्या भोपळ्याची भेग भरत बसले.
मला कंदील धरायला लावला.
हात हलला की नुसतं बघायचे.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा वर गेला.
अगदी पहिल्यासारखा नाही,
आवाजात बारीकशी खर होती, वाळल्या पानाची.
ईरगोंडा कान देऊन ऐकत होता.
"भरून येतंय," म्हणाला, आणि त्यानं पान लावायला सांगितलं.

भोपळा आता माझ्याकडे असतो.
त्यात मी लसूण ठेवत नाही.
नातू पिवळ्या रेघेवरून बोट फिरवतो, हे काय, विचारतो.
"इथं त्याला लागलं होतं."
कुणाला, ते तो विचारत नाही.

माझ्या गुडघ्यावरही एक वण आहे, चौथ्या पायरीचा.
मला काही कुणी
हळद पाठवली नव्हती.