तीन नऊ

झुटफेनला आम्ही जूनमध्ये आलो,
नेब्रास्कातून, अकरा बॅगा आणि एक बेसबॉलची बॅट घेऊन.
सोफा जिन्यातून वर जाईना.
जिना कसला, शिडीच ती,
भिंतीला टेकवून कुणीतरी विसरून गेलेली.
शेवटी दोरानं खिडकीतून ओढून घेतला.
सगळी गल्ली मान वर करून बघत होती.
टाळी कुणीच वाजवली नाही.

समोरच्या हर्मीन वोल्तरिंकबाईंनी
रात्री कॉफीला बोलावलं, अर्ध्या नऊला.
आम्ही साडेनऊला गेलो, चौघं,
चेहऱ्यावर घरून आणलेलं रुंद हसू.
कॉफी निवली होती.
बाई निवल्या नव्हत्या.
इथे अर्धे नऊ म्हणजे साडेआठ,
नववा तास अर्धाच भरलेला, नऊ अजून व्हायचेत.
प्रत्येकाला एक बिस्किट, मग डब्याचं झाकण टक्‌कन बंद.
कोल्बीचा हात हवेतच राहिला.

त्यांच्या संडासात ते मी पहिल्यांदा पाहिलं:
बसल्यावर नेमकं डोळ्यांसमोर येईल असं कॅलेंडर.
वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा
आणि तारखांपुढे माणसं.
भाचे, दाताचा डॉक्टर, पोस्टातली एल्के.
बारा नोव्हेंबरला बेरेंट,
नावाशेजारी बारीकसा क्रूस.
नाव खोडलेलं नाही.
मी जरा जास्तच वेळ आत राहिले.

निघताना बाईंनी कागद पुढे केला. तुमचे लिहा.
वेन्डेलनं आपला लिहिला, ३/९,
शाळेपासून लिहीत आला तसा,
आधी महिना, मग दिवस.

तीन सप्टेंबर. मी मोज्यांच्या जोड्या जुळवत होते,
त्यात एक कुठे जुळत नव्हती,
आणि बेल वाजली.
दारात वोल्तरिंकबाई, मागे गल्लीतली सात माणसं,
एक ॲपल केक, कागदात गुंडाळलेली डेलियाची फुलं.
त्यांनी माझा हात धरला:
नवऱ्याबद्दल अभिनंदन.
टेसाला: बाबांबद्दल अभिनंदन.
मग एकमेकांना: शेजाऱ्याबद्दल अभिनंदन.
खुर्च्या त्यांनीच ओढल्या, गोल करून बसले
आणि वाट पाहू लागले.

वेन्डेल सायकलवरून आला,
पँटचा एक पाय मोज्यात खोचलेला.
त्यानं केककडे पाहिलं, मग माझ्याकडे.
टेसानं खरं बोलायला तोंड उघडलं,
मी त्यात केकचा तुकडा घातला.
तो हळूच बसला, मोकळ्या ठेवलेल्या खुर्चीत,
आणि त्या दिवशी
सहा महिने आधीच एक्केचाळीस वर्षांचा झाला.

मार्चमध्ये, नऊ तारखेला, अर्थातच कुणी आलं नाही.
पाऊस आडवा येत होता, आयसेल काठाबाहेर,
पलीकडचं कुरण गेलं होतं, कुंपणाची नुसती टोकं दिसत होती.
जेवणं झाल्यावर टेसानं खुर्च्या ओढल्या.
चार खुर्च्यांचं वर्तुळ होत नाही,
कितीही सरकवा, चौकोनच होतो.
तिनं गंभीरपणे माझा हात हलवला:
आई, नवऱ्याबद्दल अभिनंदन.

मग मी कर्नीला फोन लावला, त्याच्या आईला.
तिथे दुपार होती.
तोंडातून निघूनच गेलं:
लव्हॉन, मुलाबद्दल अभिनंदन.

इतकी शांतता, मला वाटलं लाइन गेली.
मग ती म्हणाली, अगं,
त्या दिवशी मीही होते तिथे.
इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं.
रस्ता बंद होता बर्फानं, याच्या बापानं
ट्रॅक्टरवरून नेलं मला, अंगावर घोड्याची घोंगडी…

मग म्हणाली, थांब हं,
शेगडीवर काहीतरी उतू जातंय.