दुसरं ताट

आमच्या दरीत माणूस दगडांत मोजतात.
चौदा पाउंडांचा एक दगड.
हॉवेल आला तेव्हा होता तेवीस दगडांचा
आणि वर अकरा पाउंड, ते डेलिथनं
वहीत पेन्सिलीनं लिहिले, अगदी हलक्या हातानं,
पुढे कधी खोडायला सोपं जावं म्हणून.

चॅपेलच्या मागची खोली. मंगळवार, संध्याकाळचे सहा.
हीटर एक, खुर्च्या चौदा, काटा पडद्याआड.
कोट काढा, किल्ल्या काढा, बूट काढा.
मार्गेड तर कानातलंही काढते
आणि श्वास सोडून उभी राहते, तेवढीच हलकी.
अर्धा पाउंड उतरला तरी टाळ्या.
चढला तर नेरिस म्हणते, "आलास ना,"
आणि बिस्किटांचा डबा मुकाट्यानं
खिडकीच्या पलीकडच्या टोकाला सरकवते.

हॉवेलनं एकतीस वर्षं बस चालवली.
खाणीची शेवटची पाळी सोडायची, आणायची;
मग खाण गेली, पाळी गेली, बस रिकामी धावली.
बोलणं कमी. मागच्यांचं ऐकायचं ते आरशात बघून.
सहा मंगळवार तो काट्यावर चढला आणि उतरला.
काटा काही उतरला नाही.

आम्ही सल्ले दिले. सल्ल्यांना कॅलरी नसतात,
म्हणून पोटभर दिले.
पाव सोड. पाणी पी. रात्री उशिरा नको.
तो प्रत्येकाला हो म्हणाला.

सातव्या मंगळवारी कप विसळताना,
आमच्याकडे पाठ करून, म्हणाला,
"मला बटाटे दोघांचेच सोलता येतात."

एलुनेडला जाऊन दोन हिवाळे झाले होते.
तो ताटं दोन मांडायचा, दोन्ही वाढायचा.
आधी आपलं संपवायचा.
मग उठून खुर्ची बदलायचा
आणि तिचं संपवायचा.
तिला पानात टाकलेलं खपत नसे.

हीटर तेवढा टकटकत राहिला.
काय सांगणार, अर्धे सोल?
छातीवर ठेवलेला दगड काट्यावर येतो का,
हे डेलिथला कुणी विचारलं नाही,
तिनंही वही मिटली.
नेरिस म्हणाली, "गुरुवारी मी मोकळी असते."

गुरुवारी ती गेली. एलुनेडच्या खुर्चीत बसली नाही;
भिंतीजवळची तिसरी ओढली,
ताट तेवढं आपल्यापुढे घेतलं.
मग शनिवारी मार्गेड. सोमवारी ग्विलिम,
ज्याला स्वतःचेच चार दगड उतरवायचे होते,
तो मटार मोजून खायचा, आणि हॉवेल त्याला हसायचा.
हसला, हे ग्विलिमनं आम्हाला येऊन सांगितलं
वजन सांगावं तसं, आकड्यासकट: "दोनदा."

उरलेल्या दिवशी तो खुर्ची बदलतच असणार.
आम्ही विचारलं नाही.

ख्रिसमसपर्यंत एक दगड गेला.
जानेवारीत अर्धा परत आला. "आलास ना."

फेब्रुवारीत नेरिसचा गुडघा बदलला.
ती राहते वर, टेकडीवरच्या शेवटच्या ओळीत,
जिथे त्याची बससुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हायची.
गुरुवारी हॉवेलनं दुसरं ताट झाकलं,
फडक्यात बांधलं
आणि चालत निघाला.
तो ताट भिंतीवर ठेवून दम घेताना
ग्विलिमला दिसला होता.
ग्विलिमनं हाक मारली नाही,
उलट पोस्टाच्या पेटीमागे उभा राहिला, ओला होत.

मंगळवारी काटा. कोट, किल्ल्या, बूट.
डेलिथनं आकडा लिहिला. काय होता ते
तिनं सांगितलं असेल, मला आठवत नाही.
आठवतं ते एवढंच: नाडी बांधायला तो स्वतः वाकला,
आणि वाकलेलाच पुटपुटला,
"मीठ कमी होतं म्हणे.
एलुनेडपण हेच म्हणायची."

"गरम राहिलं का रे, वर पोचेपर्यंत?" मार्गेडनं विचारलं.

"छे. पार गार.
पण पानात टाकलं नाही तिनं."