जमिनीपासून उंची

शिंकेआधी भिंत धरायची
हे आता हातालाच कळतं.
मोजे कुमुद घालते. ती पायाशी बसली
की मी छताकडे बघतो.

भद्रकालीहून गंगापूर रोडला जाताना
सतरा गतिरोधक.
रिक्षावाला दर वेळी विचारतो,
काका, हळूच घेतलं ना?
घेतलंस रे. पण तुझं चाक जातं
माझ्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधून.

सर्जनने फिल्म उजेडावर लावली.
साठ वर्षं पाठीशी असलेला कणा
पहिल्यांदा समोर पाहिला :
वाट्यांची उतरंड,
खालून दुसरी जरा पुढे सरकलेली.
चाळीस वर्षं ऐरणीपुढे उकिडवा बसून
मी लोकांच्या हंड्यांचे पोचे काढले,
आतून, हलक्या हाताने, ठोक्याला लागून ठोका.
वाटलं, हाही म्हणेल :
ठेवून जा. गुरुवारी या.

तो म्हणाला, दोन सळया, चार स्क्रू.
मी विचारलं, धातू कुठला?
टायटॅनियम.
हा मी कधी ठोकला नाही.
तापला की कुठला रंग धरतो,
थंडीत आक्रसतो का,
काही ठाऊक नाही.

शंभरातले पंच्याऐंशी बरे होतात, म्हणाला.
उरलेले पंधरा राहतात कुठे, हे विचारलं नाही.
एक आमच्याच तांबट आळीत राहतो,
सुधाकर वडनेरे, ओट्याला टेकून
उभ्यानेच चहा पितो.
आणि पंच्याऐंशीतला एक, त्याचाच साडू,
चामरलेणीच्या पायऱ्या चढून
मला फोटो पाठवतो. रोज.

मग विचारलं, नंतर जमिनीवर बसता येईल?
त्याने चष्मा काढून पुसला.
खुर्चीवर, म्हणाला. खुर्चीवर अगदी मजेत.

रात्री तीनला कूस बदलायची
तर आधी गुडघे, मग खांदे,
आणि मधलं सगळं
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ओढून न्यायचं.
अशाच एका तीनला दिसलं :
तांदळाचा डबा वर आलाय.
चपला खिडकीच्या कट्ट्यावर, बादली स्टुलावर,
देवसुद्धा पाटावरून फळीवर.
सहा वर्षांत, एक अक्षर न बोलता,
तिने सगळं घर
माझ्या कमरेइतकं वर उचललंय.

खाली उरली एकटी ऐरण.

संमतीचा कागद अजून सहीविना पडलाय.
मुलगा फोनवर विचारतो, ठरलं का?
दिवाळीनंतर, म्हणतो मी.
कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाही.

आज दुपारी माझा डोळा लागला असं समजून
ती दोरा घेऊन आली.
खुर्चीच्या बैठकीपासून फरशीपर्यंत मोजलं,
गाठ मारली, पुन्हा मोजलं.
मी पापणी हलू दिली नाही.
मग दाराबाहेर सुताराशी बोलणं :
बाभळीचाच द्या ओंडका. हो, एवढ्या उंचीचा.
तो म्हणाला, ताई, बसायला एवढा भक्कम कशाला?

बसायला नाही हो, ती म्हणाली,
ठोके सोसायला.