सलग

ईसाफ्योर्दुरच्या मासळी कारखान्यात
दर एकोणीस दिवसांनी, बहुधा पहाटेच,
वजनकाटा मुका होतो.
पट्टा थांबतो. त्यावरचे कॉड
जिथल्या तिथे, तोंडं उघडी,
काही विचारायचं राहून गेल्यासारखे.

दोन महिने मी हे रेक्याविकमधून फोनवर ऐकलं.
बंद करून चालू करा, म्हणत राहिले.
शेवटी विमानात बसले.
उतरताना पंख डोंगराला घासेल असं वाटलं,
शेजारचा म्हातारा कोडं सोडवत होता, त्याने मानही वर केली नाही.

लॉगमधली शेवटची ओळ:
चौसष्ट किलोबाइट हवे होते, मिळाले नाहीत.
तिच्या वरची ओळ:
शिल्लक मेमरी, अकरा मेगाबाइट.
म्हणजे घरात पोतंभर तांदूळ
आणि पाहुणा उपाशी.

मेमरीचा नकाशा छापला, आठ पानं,
चिकटपट्टीने जोडून कॅन्टीनच्या टेबलावर पसरला.
काळं ते भरलेलं, पांढरं ते मोकळं.
पांढरं केवढं तरी होतं! पण इथे बोटभर, तिथे नखाएवढं,
आणि मधे मधे काळे ठिपके,
कुणी मांडले आणि उचलायचे विसरले असे.

जागा होती.
सलग नव्हती.

रात्रपाळीची बोगुस्वावा कॉफी घेऊन आली,
हातमोजे काखेत धरून नकाशावर वाकली.
"आमची थंड कोठी आहे ही," म्हणाली.
"मोठी खोकी येतात, जातात.
पण कुणीतरी आपला डबा ठेवतो, वर नाव लिहून,
आणि तो काही हलत नाही.
मग पुढचं खोकं मावणार कुठे?"

मी ठिपके उघडून पाहायला लागले.
बत्तीस बाइट. आत एक नाव.
पुढचा ठिपका, पुन्हा नाव.
येताना, जाताना, विडी ओढून परतताना
कुणी ओळखपत्र टेकवलं की काटा नाव लिहून घेत होता
आणि धरून बसत होता.
बोगुस्वावा. तोमास. बोगुस्वावा. बोगुस्वावा.
तिने स्वतःला मोजलं, एकशे बारा वेळा,
आणि हसायची थांबेना.

कोडमध्ये त्या ओळीशेजारी शेरा होता:
"हे नंतर सोडून देऊ."
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.
खाली स्वा. गि. म्हणजे स्वान्लोयग गिस्लादोत्तिर.
म्हणजे मी.

"माझं नाव पुसणार का आता?"
पुसणार नाही, म्हटलं. एका कडेला एकच बाक टाकते,
सगळी नावं त्यावर दाटीवाटीने बसतील,
पाळी संपली की उठतील.
बदल सतरा ओळींचा. चाचणीला मात्र वीस दिवस,
त्याला इलाज नाही.

निघायच्या आधी तिने मला थंड कोठीत नेलं.
अगदी मागे, खोक्यांच्या भिंतीआड,
निळ्या झाकणाचा डबा, वर तिचंच अक्षर.
आत काय आहे, मी विचारलं.
तिने बर्फ नखाने खरवडला, डबा कानाशी हलवला,
आणि जरा वेळ आठवत उभी राहिली.