जागल

यंदा वर्षभर जागलीवर, वाजवायच्या डब्यासोबत
भिवापूरच्या वाचनालयाची पुस्तकं नेली.

संक्रांतीला, हरभऱ्यात, मुंगसांचं राज्य बुडालं.
पोळ्याच्या रात्री एक कोल्हीण
दोन सूर्यांच्या मधून यान हाकत होती
आणि नेमके बॅटरीचे सेल संपले.
उरलेलं अंधारात मीच जुळवलं.

शेषराव मचाणाखालून:
“काय वाचून राह्यला बे?
जनावरं बोलते का कुठी?”
“आपल्याशी कायले बोलतीन.”

काल तुरीत रोही आला.
धुऱ्यावर थांबला, कान माझ्याकडे.
डबा उचलला, काडी हातातच राहिली.
मी पान उलटलं तशी त्यानं मान वर केली,
मग पुन्हा खाली घातली.

दोन तास तूर गेली.
शेषरावला सांगितलं, डुलकी लागली होती.
पुस्तकाची तारीखही उलटलीच आहे.
भरीन दंड.