मधलं अक्षर के

सकाळी सहाला फोनवर कोडं उघडतं.
आज डी, यू, सी, आय, एस, एच
आणि मधोमध के,
जे प्रत्येक शब्दात हवंच,
लग्नातल्या रुसक्या काकासारखं.

एक अक्षर कितीदाही वापरा, चालतं.
इथं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर सगळंच तसं वापरतात.
हेडलीच्या जुन्या जाळ्यावर
मी दर उन्हाळ्यात वाटाणे चढवते.

पहिल्या चहाला किड्स, किस, सिक.
पोरं, मुका, आजारपण:
अर्धं आयुष्य तेवढ्यात आटोपलं.
दुसऱ्या चहाला हस्क म्हणजे टरफल,
आणि डस्क म्हणजे सांज, एक गुण.
बाहेर खाडीत बर्फ बर्फावर घासत होता,
वरच्या मजल्यावर कुणी
जड कपाट सरकवत असावं तसा.

खाली बारीक टायपात सूचना:
आज सातही अक्षरांचा शब्द नाही.

मी चष्मा पुसला.
आहे की.

आई दारातूनच ओरडायची तो,
आम्ही मासळी वाळवायच्या फळ्यांखाली लपलेलो असायचो.
डकिश झालं रे, या आता.
सूर्य गेलेला, पण इतक्यात दिवा लावला तर तेल फुकट.
समोरून येणारा माणूस
चालीवरून कळतो, चेहऱ्यावरून नाही,
ती वेळ.
बदकांचा तिच्याशी काही संबंध नाही.

टाइप केला.
सातही चौकोन काठोकाठ भरले
आणि त्यांनी डावी-उजवीकडे मान हलवली.
यादीत नाही.
पुन्हा केला, सावकाश,
जणू समोरच्याला कमी ऐकू येतं.
यादीत नाही.
डस्कला गुण देणारी हीच ती यादी.

हेडली अल्बर्टात असतो.
कॉडची मासेमारी बंद झाली त्या साली गेला,
दोन वर्षांसाठी.
त्याचं घड्याळ माझ्यापेक्षा साडेतीन तास मागं.
वरचा अर्धा तास आमच्या बेटाचा हट्ट,
बाकी कॅनडा तो कधी धरत नाही.

आमचा नियम असा की
शब्द सांगायचा नाही, वाट दाखवायची.
दुपारी फोन लावला. मागं ट्रकची घरघर.
म्हटलं, सातही अक्षरांचा आहे.
म्हणाला, नाहीये, लिहिलंय खाली.
म्हटलं, लिहिणाऱ्याला विचार, तुझी आई कुठली.
तो हसला नाही.
ब्यूला, शिफ्ट आहे, ठेवतो.

मग मी पाव भाजला,
शेजारच्या ऑलिव्हच्या दारातला बर्फ काढला,
आणि स्वतःवरच चिडले,
की माणसाला कामावर असताना
आईचं काय विचारायचं.

रात्री पावणेबाराला फोन वाजला.
या वयात त्या वेळी फोन वाजला
की आधी पाय गार पडतात.
हेडली. हॅलो नाही, काही नाही.
पार्किंगमध्ये उभा आहे, म्हणाला,
समोरून एक जण येतोय, तोंड दिसत नाही,
पण उजवा पाय ओढतोय,
म्हणजे गोदामातला लेस्टर.

आणि थांबला.
मला त्याचा श्वास ऐकू येत होता,
आणि बर्फावरून येणारी ती पावलं,
एक पूर्ण, एक ओढलेलं.

मग त्यानं शब्द उच्चारला.
आईचा हेल नव्हता त्यात,
तो तिकडच्या सपाट जमिनीत कधीच मुरला.
पण मधला के नीट आला,
गाठ सुटताना दोरी वाजते तसा.

माझ्या खिडकीत गच्च काळोख होता.
त्याच्याकडे ते आत्ता, या क्षणी होत होतं.

गुण किती, त्यानं विचारलं.
शून्य.
बरं, म्हणाला,
लिहून ठेव.